पिक्चरमधलं गाव

(ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दिलेलं व्याख्यान, थोडीफार काटछाट करून.)

नमस्कार. तो पंखा जरा कमी करता का? ही वही फार जुनी आहे, पानं सुटताहेत.

वही माझ्या आईची. पुढून उघडलीत तर दूध, रॉकेल, भांडीवालीचा पगार. मागून उघडलीत तर पिक्चर. पाहिलेल्या पिक्चरचं नाव आणि त्यापुढे त्यात दिसलेलं गाव. 'काश्मीर की कली – श्रीनगर, शिकारा.' 'संगम – व्हेनिस', त्यापुढे 'पाण्यातलं शहर' आणि दोन प्रश्नचिन्हं. 'आराधना – दार्जिलिंग, छोटी आगगाडी.' जे प्रत्यक्षात पाहून होईल त्यापुढे बरोबरची खूण करायची, असा तिचा बेत असावा. कारण पानाला उजवीकडे पट्टीने समास आखलेला आहे. पिक्चर बहुतेक अशोकला नाहीतर प्रभातला, दुपारच्या खेळाला, शेजारच्या दोघीतिघींबरोबर. आणि तिचा स्वतःचा प्रवास? दर मे महिन्यात वंदनाच्या स्टँडवरून एसटी पकडून माहेरी संगमेश्वरला. समास कोराच राहिला.

तुमच्या चिटणिसांनी मला सांगितलं होतं, पिक्चरमधली दहा ठिकाणं सांगा, लोक लिहून घेतील. दहा काही मी सांगणार नाही. तुमच्या मुलांकडे फोन आहेत, त्यात शंभर सापडतात. मला सांगायचंय ते या समासाबद्दल.

आधी थोडा ठाणेकराचा अभिमान मिरवून घेते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली ती ठाण्याला आली. चौदा डबे, चारशेएक पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. मंडळी हौसेने आली आणि परत गेली. म्हणजे या देशातली आगगाडीची पहिली सहल आपल्या गावची! आज कोणी म्हणालं की सुट्टीत ठाण्याला जाऊन येतो, तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील. पुढे ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या. मोजून सहा. त्यांतली एक स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची, एक समुद्रस्नानाची. सिनेमा आपल्याकडे आला तोच गाडी आणि समुद्र घेऊन. मग आईने वही केली यात तिचा काय दोष?

पण पिक्चरवाले भारी लबाड हो. आराधनातलं ते सगळ्यांचं आवडतं गाणं आठवा. खिडकीत शर्मिला टागोर, बाजूच्या रस्त्यावर जीपमध्ये राजेश खन्ना. जीप खरंच दार्जिलिंगला धावत होती. शर्मिलाबाई तिथे नव्हत्याच. दुसऱ्या पिक्चरच्या तारखांमुळे त्यांना जाता आलं नाही, त्यांचा भाग नंतर स्टुडिओत चित्रित केला आणि जोडला. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग ती बघत कोणाकडे होती?" मला अजून उत्तर सापडलेलं नाही. 'ये जवानी है दीवानी' पाहून आमच्या सोसायटीतली पोरं बर्फ हुडकत मनालीला गेली. पिक्चरमधला मनालीचा तो बर्फ मुळात काश्मिरात गुलमर्गचा. याच्या उलटही होतं. १९८३ साली आलेल्या 'बेताब'चं चित्रीकरण पहलगामजवळच्या एका दरीत झालं, आणि आता दरीचंच नाव बेताब व्हॅली. पिक्चर किती जणांच्या लक्षात आहे देव जाणे, दरीला नाव मात्र चिकटलं.

'स्वदेस'मधलं गाव गोष्टीत उत्तर प्रदेशातलं. दिसतं ते वाईजवळचं मेणवली. तो नदीचा घाट, ती दगडी देवळं. मी तिथे दोनदा गेले. दोन्ही वेळा घाटावर पाचपन्नास लोक, सगळे शाहरुख कुठे उभा होता ते शोधताहेत. आणि तिथेच, देवळाच्या शेजारी, एका छोट्या दगडी घुमटीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे, तिच्याकडे पाठ. मी वाकून आत पाहिलं. घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी, आणि १७०७ हा आकडा. घंटा वसईच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या लुटीतली, पुढे नाना फडणविसांच्या मेणवलीत आली. त्याच मोहिमेच्या सुरुवातीला, १७३७ मध्ये, मराठ्यांनी आपला ठाण्याचा किल्ला घेतला होता. म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, रिक्षावाल्याला आपण 'जेलजवळ' म्हणून सांगतो ते. मला त्या घाटावर एकदम शेजारीण भेटल्यासारखं वाटलं. कृष्णाकाठी, अडीचशे-पावणेतीनशे वर्षं माहेरापासून लांब! पिक्चरमुळेच मी मेणवलीला गेले हे कबूल. पण घरी येऊन बोलत राहिले ती घंटेबद्दल.

आता आमची फजिती. 'थ्री इडियट्स' २००९ च्या शेवटी लागला. त्याच्या शेवटाला ते निळं तळं दिसलं आणि आमचे हे थिएटरातच म्हणाले, इथे जायचं. हे म्हणजे बदलापूरच्या पुढे कुरकुरणारे गृहस्थ. मी लगेच बुकिंग केलं, विचार बदलायला वेळच दिला नाही. टूरवाल्याचं नाव सांगत नाही. त्याने आम्हाला सकाळी लेहला विमानातून उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पँगाँगला काढलं. लेह साडेअकरा हजार फुटांवर. वाटेतला चांग ला घाट सतरा हजारांच्या वर. ठाणे खाडीच्या पातळीवर जन्म गेलेल्या माणसाने दीड दिवसात इतकं चढायचं! खिंडीत ह्यांचे ओठ निळे पडले, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि ड्रायव्हर म्हणतो, "साब, बाहर मत उतरो, चाय पियो." माझं डोकं असं ठणकत होतं की कोणीतरी आत वरवंटा फिरवतंय. पँगाँगच्या काठावर पोहोचलो तेव्हा हे गाडीत आडवे. मी एकटी उतरले. समोर रांग. कशाची? पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढायची. पैसे देऊन. शेजारी पिक्चरच्या पोस्टरवरच्यासारखी बसकी मांडलेली. त्यांच्यामागे ते तळं, सव्वाशे किलोमीटरच्या वर लांब, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आपल्याकडे, बाकी चीनच्या ताब्यात. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, मचूळ लागलं. ढग सरकला तसा निळ्याचा हिरवा झाला, मग राखाडी. एवढं पाहिलं आणि वीस मिनिटांत परत गाडीत.

कोणाची मुलं लेहला न्यायचं म्हणत असतील तर त्यांना सांगा, विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं पडून राहायचं. पाणी प्यायचं, जिने चढायचे नाहीत, आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. पिक्चरमध्ये करीना कपूर लग्नातून निघते ती थेट तळ्यावर पोहोचते. तिला चांग ला लागत नाही. त्याच पिक्चरमधली शाळा लेहजवळच्या शे नावाच्या गावात आहे, खरीखुरी चालणारी शाळा. तिथल्या एका भिंतीसमोर फोटो काढायला इतके लोक घुसायला लागले की २०१८ मध्ये शाळेने ती भिंतच तिथून काढायचं ठरवलं. बरोबर केलं. वर्ग चालू असताना खिडकीतून कोणी डोकावलं तर आपण इथे चालवून घेऊ का?

परदेशातली गोष्ट याहून वेगळी नाही. थायलंडमध्ये माया बे म्हणून समुद्राचा चिमुकला तुकडा आहे. २००० साली 'द बीच' आला, मग बोटींनी हजारो लोक रोज यायला लागले, प्रवाळ मेलं. २०१८ च्या जूनमध्ये बंद केला तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. स्वित्झर्लंडबद्दल बोलतच नाही, यश चोप्रांचा पुतळा इंटरलाकेनमध्ये उभा आहे म्हटल्यावर बोलायचं काय उरलं?

स्पेनबद्दल मात्र बोलते, कारण तिथे मला माझा मुद्दा सापडला. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा', २०११. माझी सून आणि तिच्या मैत्रिणी, सगळ्यांना टोमॅटोच्या मारामारीला जायचंय. ती बुन्योल नावाच्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते, २०१३ पासून तिकीट आहे, आणि पिक्चरमधली मारामारी चित्रीकरणासाठी मुद्दाम घडवून आणलेली होती. हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐरोलीला आयटीत आहे. म्हणाली, "आई, टोमॅटोचं मरू द्या हो. ते तिघं तीन आठवडे गाडीतून हिंडतात आणि कोणालाही शनिवारी मीटिंग नसते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिक्चरमध्ये कोणी बॅग भरताना दिसतं का? गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत वर जातं का? 'क्वीन'मधली ती मुलगी एकटी पॅरिसला जाते, आमच्या किती बायका तो पाहून हळव्या झाल्या. पॅरिसचा मनोरा बघून नाही हो. हॉटेलच्या खोलीत तिला कोणी चहा मागत नाही, हे बघून. आपल्याला वाटतं गाव हवंय. हवी असते ती रिकामी दुपार. गाव तिच्याबरोबर येतं, मिठाईबरोबर खोकं येतं तसं. म्हणून मी आता यादी करताना गावाच्या नावापुढे लिहिते, नेमकं काय आवडलं. पुष्कळदा असं निघतं की आवडलेली गोष्ट येऊरच्या पायथ्याशीही मिळते, आणि मग उरलेल्या चारदोन गावांसाठी मनापासून पैसे साठवता येतात.

आईच्या वहीतली शेवटची नोंद 'दिलवाले दुल्हनिया'ची आहे. पुढे 'स्वित्झर्लंड', ते खोडून 'फार लांब'. मला कुठूनसं कळलं की शेवटचा तो गाडीचा प्रसंग, गोष्टीत पंजाबातला, खरा पनवेलच्या पुढे आपटा स्टेशनवर झाला. आपटा! दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तोच. आईला तेव्हा सत्तरी लागली होती, गुडघे गेलेले. दिव्याहून रोह्याची गाडी पकडली. पोळी, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं असा डबा घेतला. आपट्याला आमच्याबरोबर चारपाच माणसं उतरली, ती आपापल्या वाटेने गेली आणि फलाटावर आम्ही दोघीच. पाऊस नुकताच उघडलेला, समोरचा डोंगर पाणी गाळत उभा. आईने विचारलं, "ती धावली ती कुठून?" मी अंदाजाने हात दाखवला. तिने त्या टोकापर्यंत बघितलं, "बराच लांब आहे की," म्हणाली, आणि बाकावर बसली.

परतीच्या गाडीला तीन तास होते. डबा खाल्ला. कुत्र्याला पोळी घातली. एक मालगाडी गेली, आईने तिचे डबे मोजले, चाळिसाच्या पुढे मोजणी चुकली. मग तिने चपला काढल्या, पिशवी उशाला घेतली आणि भर दुपारी स्टेशनच्या बाकावर गाढ झोपली. तिला दुपारी झोपलेली मी त्याआधी फक्त तापात पाहिली होती.

हे ते पान. मागच्यांना दिसणार नाही, वाचूनच दाखवते. 'फार लांब'च्या खाली लिहिलंय, 'आपटा. गाडी दोन तास उशिरा. छान.' आणि समासात खूण.