विपश्यनेचं जाळं वाढलं कसं? (सेवकांच्या मेळाव्यातलं बोलणं)

नमस्कार मंडळी. तुम्ही म्हणालात की आम्हालाही शहरोशहरी ग्रुप काढायचेत, सगळ्यांनी एकत्र ध्यान करायचं, सगळ्यांसाठी सद्भावना करायची, जगभर पसरवायचं, तर ते वाढवायचं कसं ते सांगा. मी एकाच उदाहरणावर बोलणार, विपश्यनेच्या, म्हणजे दहा दिवस मौनात बसून करायच्या ध्यान-शिबिरांच्या, कारण ते मला आतून माहितीये, खरं तर स्वयंपाकघराच्या बाजूने माहितीये.

हे ध्यान ज्यांच्याकडून आलं ते बर्माचे (आताचा म्यानमार) सयाजी, म्हणजे गुरू, ऊ बा खिन हे काही जटाधारी बाबा नव्हते हो, स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेबाचे प्रमुख, होते, १९४८ पासून. ऑफिसातल्या लोकांनाच ध्यान शिकवायचे आणि मग १९५२ ला रंगूनमध्ये केंद्र काढलं. हे ध्यान पुढे जगभर नेणारे सत्यनारायण गोयंका गुरुजी त्यांच्याकडे १९५५ ला गेले ते मायग्रेनने बेजार होऊन, म्हणजे मंडालेत जन्मलेला मारवाडी व्यापारी, डोकेदुखी जावी एवढीच अपेक्षा. पुढे १९६९ ला आई आजारी म्हणून त्यांना भारतात यायची परवानगी मिळाली आणि जुलैमध्ये मुंबईत एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. माणसं किती, तर १४. तेही आईवडील धरून!

त्यानंतर कितीतरी वर्षं स्वतःची जागाच नव्हती, कधी धर्मशाळा, कधी शाळा, मिळेल तिथे दहा दिवस मुक्काम. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं १९७६ ला. पण मला त्याच्याआधीचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. तेव्हा युरोप-अमेरिकेतली तरुण मुलंमुली भारतात भटकायला यायची, त्यातली बरीच शिबिरात बसली आणि घरी परत गेली, आणि गुरुजींना मात्र बर्मी पासपोर्टमुळे तिकडे जाता येईना, ते पश्चिमेत पहिल्यांदा शिकवायला गेले थेट १९७९ ला. मधली वर्षं ही मुलं तिकडे काय करत होती? कोणाच्या तरी हॉलमध्ये जमून बसत होती, एक तास, बस. म्हणून गुरुजी पोचले तेव्हा शिबिर लावायला, स्वयंपाक करायला, गाद्या उचलायला माणसं तयार होती, आणि तीनच वर्षांत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये केंद्रही उभं राहिलं. बसणारी माणसं आधी होती, इमारत मागून आली. आपल्याकडे उलटं चालतं, आधी लोगो, मग ट्रस्ट, मग कार्याध्यक्ष कोण यावरून भांडण.

मग अडचण आली की शिकवणारा एक आणि मागणी पन्नास ठिकाणी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुरुजींच्या वतीने शिबिर चालवणारे सहायक आचार्य नेमले आणि गुरुजींचं शिकवणं टेपवर गेलं. यावर लोक फार नाक मुरडतात, टेप लावून कुठे ध्यान शिकवतात का म्हणे. मला विचाराल तर या टेपनेच वाचवलंय. सहायक आचार्य येतात, बसतात, रेकॉर्डिंग लावतात, दुपारी शंका असतील त्यांना उत्तरं देतात, आणि घरी जातात. आपलं स्वतःचं प्रवचन नाही, त्यामुळे गावोगावी छोटे छोटे गुरुजी तयार झाले नाहीत. इगतपुरी असो की ऑस्ट्रेलियातलं ब्लॅकहीथ, घंटा पहाटे चारलाच वाजते. आता जगभर दोनशेच्या वर केंद्रं आहेत.

पैशाचा नियमही तसाच कडक. राहणं-जेवण फुकट, आणि दान घ्यायचं ते फक्त ज्याने दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच. सेवकाला पगार नाही, आचार्यांनाही मानधन नाही. मीटिंगमध्ये एक तरी जण उठून म्हणतोच की अहो कंपनीचा सीएसआरचा (समाजकार्याचा) फंड आहे, घेऊन टाकू. नाही घ्यायचा! वाढ हळू होते हे मान्य, पण ज्याने दिलं तो स्वतः बसलेला असतो, नुसता चेकवर सही करून फोटोला आलेला नसतो.

आता स्वयंपाकघर. धम्मसेवक, म्हणजे शिबिरात बिनपगारी काम करणारा, व्हायचं तर आधी स्वतःचं शिबिर झालेलं पाहिजे, आणि सेवेत असताना दिवसातून तीनदा साधकांबरोबर सामूहिक साधनेला बसावंच लागतं, कितीही पोळ्या लाटायच्या राहिल्या असल्या तरी. तिथे कंपनीतला मोठा साहेब बाथरूम घासत असतो आणि त्याला कामाला लावणारी पोरगी कॉलेजात असते. भांडणं होतात का? होतात की! भाजी जाड चिरली, वरण पातळ झालं, मला न विचारता मीठ का घातलंस, अगदी घरच्यासारखी. आणि मग रात्री नऊला त्याच माणसांबरोबर हॉलमध्ये बसून मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो ही भावना, करायची असते. सगळ्या जगाचं भलं होवो म्हणणं सोपं आहे हो, जग काही आपल्या शेजारी उभं राहून कांदा चिरत नाही. ज्याच्यावर सकाळपासून डोकं फिरलंय त्याचं भलं होवो म्हणताना आतून काय होतं ते बघायचं, ती खरी सद्भावना. माझ्या मते हे नेटवर्क टिकलंय ते या रात्रीच्या दहा मिनिटांवर.

याच सेवकांच्या जोरावर तुरुंगात जाता आलं. जयपूरच्या जेलमध्ये १९७५ ला शिबिर झालं होतं, आणि १९९४ ला किरण बेदी दिल्लीच्या तिहार जेलच्या प्रमुख असताना तिथे एकावेळी हजारावर कैदी बसले. मुंबईत गोराईला बांधलेला विपश्यनेचा पॅगोडा (स्तूप) २००९ ला खुला झाला, आत आठ हजार माणसं बसू शकतात. बोटीने जा, बघण्यासारखा आहेच.

पण आपलं दुखणं वेगळंच आहे. शिबिर करून हजारो बाहेर पडतात आणि गावच्या साप्ताहिक बैठकीला चार डोकी. बाकीचे व्हॉट्सअपवर रोज सकाळी भवतु सब्ब मंगलं (सगळ्यांचं मंगल होवो) पाठवतात, फुलांसकट. आणि दुसरं, उत्साहाच्या भरात सेवक दिसेल त्याला शिबिराला ढकलतात, ते करू नका. दहा दिवस मौनात बसणं प्रत्येकाला झेपत नाही, गंभीर मानसिक आजार असेल तर मुळीच नाही, फॉर्ममध्ये विचारतात ते उगाच नाही.

तर तुमच्या ग्रुपचं. तुमच्यात जुने साधक, म्हणजे दहा दिवसांचं शिबिर केलेले, असतील तर त्यांची एक तासाची बैठक वेगळी ठेवा, त्यात नवीन माणूस बसवायचा नाही. नवीन लोकांसाठी आनापानाचं, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवण्याचं, छोटं रेकॉर्डिंग आहे, दहा-पंधरा मिनिटांचं, ते कोणालाही चालतं. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलायची नाही, गणपती असोत नाहीतर वर्ल्ड कपची फायनल. दोघंच आले तरी सुरू करायचं. दहा मिनिटं अजून वाट बघू या असं एकदा झालं की पुढच्या आठवड्यापासून सगळेच दहा मिनिटं उशिरा येतात. आणि हॉलची किल्ली दोघांकडे ठेवा, एकाकडेच असली की तो गावाला गेला की बैठक बंद.