हात गळ्यात, हाड प्लेटवर

(पडद्यावर एक्स-रे: मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली)

सायकल घसरली, खांदा जमिनीवर आपटला आणि आत काहीतरी कडकन मोडलं. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड. गर्भात हाड बनायला सर्वांत आधी सुरुवात होते ती याचीच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. हाताचा सांगाडा छातीला जोडणारं हाड हे एवढंच, त्यामुळे खांद्यावर बसलेला मार यालाच सोसावा लागतो.

बहुतेकदा ते मधल्या भागात मोडतं. मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली ओढतं. एक्स-रे पाहून घरचे हबकतात. तरीही बरीचशी हाडं नुसता हात गळ्यात बांधून जुळतात.

मग ऑपरेशन कुणाचं? टोक कातडीबाहेर आलं किंवा रक्तवाहिनी दुखावली, तर प्रश्नच नाही. खरी चर्चा होते ती तुकडे पूर्ण सरकून हाड दोनेक सेंटिमीटर आखूड झालेल्यांची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १३२ रुग्णांच्या कॅनडातल्या अभ्यासात प्लेट, म्हणजे हाडावर स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी, टाकलेल्यांमध्ये हाड न जुळण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण प्लेट न टाकलेल्यांपैकीही बहुतेकांचं जुळलंच होतं.

(पडद्यावर: प्लेट, स्क्रू, ड्रिल)

या हाडाच्या खालूनच हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो. जवळच फुप्फुसाचं टोक. ड्रिल पलीकडे किती जाऊ द्यायचं, यात सर्जनचा हात कळतो. कातडीतल्या बारीक नसा मात्र कधीकधी कापल्या जातात आणि छातीचा वरचा भाग बधिर राहतो. हे आधी सांगितलं नाही, तर रुग्ण उगाच घाबरतो.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस उशा लावून, अर्धवट बसूनच झोप लागते. बोटं, मनगट, कोपर लगेच हलवायचं. मग वाकून हात लोलकासारखा झुलवायचा. आणि सिगारेट बंद, तिच्यामुळे हाड जुळायला उशीर होतो.

दोन-तीन आठवड्यांत दुखणं ओसरतं, आणि घोळ होतो तो इथेच. बरं वाटलं म्हणून माणूस बादली उचलतो. हाड अजून कच्चं असतं, सगळा भार प्लेटवर येतो. ती वाकते, नाहीतर स्क्रू सुटतात. जड उचलायला साधारण तीन महिने थांबावं लागतं, तेही एक्स-रे पाहून.

बारीक माणसाला प्लेट कातडीखाली हाताला लागते, बॅगेचा पट्टा टोचतो. अशांची प्लेट हाड पक्कं झाल्यावर काढता येते. पण स्क्रूची भोकं भरेपर्यंत पुन्हा जपणं आलंच.