भिंतीवरची रेघ

[दृश्य : कळवा. खाडीकडची चाळ. लोखंडी कपाट सरकवणारे दोन हात.]

कपाट बाजूला केलं की ही रेघ दिसते. छातीएवढ्या उंचीवर, मातकट, जराशी वाकडी. २६ जुलै २००५च्या रात्री या खोलीत पाणी इथपर्यंत चढलं होतं. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कळव्यात पाऊस मोजायला लोकांकडे आपापल्या भिंती होत्या. पुढे घरांना रंग लागले आणि रेघा गेल्या. बाईंनी ही एक ठेवली. समोर कपाट लावलं, एवढंच.

बाई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चाळीत आणि चर्चच्या मंडळीत त्या बाईच आहेत. ही फिल्म आहे त्यांनी लिहिलेल्या एका आराधना गीताची. त्या गाण्याखाली नाव घालायला त्यांनी नको म्हटलं. म्हणून या फिल्ममध्येही त्यांना बाईच म्हणूया.

[दृश्य : दुरेघी वही. एक पान. खोडलेल्या ओळी. कॅमेरा शेवटच्या चार ओळींवर थांबतो.]

पाणी चढे दारी
रात्र झाली भारी
कोण हाक मारी
नको भिऊ

[दोन सेकंद शांतता. मग ऐरोली. रविवारची सकाळ.]

ऐरोलीतल्या एका शाळेचा हॉल. आठवडाभर इथे मुलांचे डबे, दप्तरं, गृहपाठ. रविवारी सकाळी बाकं भिंतीला लागतात, सतरंज्या अंथरल्या जातात, स्पीकरच्या वायरी ओढल्या जातात आणि उपासना सुरू होते. "सलाम बाई", "सलाम काका", "बस रे, इथे जागा आहे". मंडळीतली बरीचशी घरं मूळची नगर, जालना, संभाजीनगरकडची. कुणाचे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत कामाला आले, कुणाची आई नर्स म्हणून. त्यांची मुलं आता समोरच्या काचेच्या इमारतींत लॅपटॉपवर काम करतात. त्यातलाच हा, कीबोर्डवर बसलेला.

दर रविवारची गाणी तो निवडायचा. बहुतेक इंग्रजी गाण्यांची मराठी भाषांतरं. त्यात एक सगळ्यांच्या आवडीचं : 'वे मेकर'. नायजेरियाच्या सिनाच या गायिकेचं हे गाणं २०१५च्या अखेरीस आलं. तिच्यानंतर कितीतरी गायकांनी ते गायलं, आणि २०२० साली अमेरिकेत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा डव्ह पुरस्कार, म्हणजे तिथला ख्रिस्ती संगीताचा पुरस्कार, मिळाला. लॉकडाउनच्या महिन्यांत ते जगभर घराघरांतून म्हटलं जात होतं. ऐरोलीतही, मोबाइलच्या चौकटीतून.

तिथेच या मुलाच्या लक्षात आलं की तोंडं हलताहेत, पण बायका गात नाहीत.

[दृश्य : बाई फळ्यासमोर. हातात खडू. ही शाळेतली सवय.]

कारण बाईंनी सांगितलं. ऐकण्यासारखं आहे, म्हणून पूर्ण ठेवलंय. 'वे मेकर' म्हणजे तीन ठोके : वे, मे, कर. त्याचं मराठी 'मार्ग काढणारा'. मा, र्ग, का, ढ, णा, रा. सहा अक्षरं. तीन माणसांच्या बाकावर सहा जण बसवायचे, म्हणजे कुणीतरी अर्धं बाहेर लोंबणारच. शिवाय मराठी वाक्याचं क्रियापद येतं शेवटी. त्यामुळे भाषांतर केलं की प्रत्येक ओळ 'आहेस'वर येऊन पडते. तू महान आहेस, तू जवळ आहेस, तू विश्वासू आहेस. चाल मात्र शेवटच्या सुरावर एकच ठसठशीत अक्षर मागते. ते नसतं, म्हणून आवाज तिथे विरतो.

"दोष त्या गाण्याचा नाही रे," बाई त्याला म्हणाल्या, "त्यांच्या भाषेत ते किती सुंदर आहे! आपण आपल्या मापाचं शिवायला हवं."

[दृश्य : जुनं पुस्तक. बांधणी सुटलेली. पिवळी पानं उलटतात.]

हे माप काही नवं नाही. १६१६ साली गोव्यात राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेले, आणि त्यांनी येशूची कथा सांगितली ती ओवीत. जवळपास अकरा हजार ओव्या! माणूस परक्या मुलखातून आला आणि इथल्या जात्यावरच्या छंदात बसला.

[दृश्य : ठाणे. सेंट जेम्स चर्चची दगडी भिंत, पावसाने काळी झालेली.]

ठाण्याच्या या चर्चची प्रतिष्ठापना १८२५ साली बिशप रेजिनल्ड हीबर यांनी केली. हीबर स्वतः गीतकार होते. 'होली, होली, होली' हे त्यांचं स्तोत्र आजही जगभर गातात. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्यासारख्यांची इंग्रजी गीतं, इंग्रजी चालींसकट, इथल्या मंडळ्यांत आली आणि भाषांतर होऊन राहिली. कित्येक आजही मनापासून गायली जातात.

आणि मग टिळक आले. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी प्रवाशाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात काय झालं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्यांनी मंडळीच्या हातात अभंग दिले, भजनं दिली. १९१९ साली ते गेले, पण गुड फ्रायडेला मराठी चर्चमध्ये उभे राहा, कुणाचे शब्द ऐकू येतात बघा. बाईंच्या आईने नगरहून ठाण्याला येताना पितळी डबा आणि 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक आणलं होतं. डबा पुरात वाहून गेला. पुस्तक माळ्यावर होतं.

[दृश्य : वहीवर बाईंची बोटं. पेरं मोजताना.]

तेव्हा बाईंनी निवडला तो मोठा अभंग. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. ज्ञानदेवांचं 'देवाचिये द्वारी' याच मापाचं. शेवटचा आखूड चरण येतो, तिथे श्वास घ्यायला जागा मिळते, आणि त्याच जागी सगळा समाज एकत्र येऊन म्हणतो. भजनाला बसलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

चौथ्या चरणात काय ठेवायचं हे आधी ठरलं, बाकीचं मागून आलं. नव्या करारात मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात वादळी रात्री शिष्य नावेत आहेत आणि पाण्यावरून चालत येणारा येशू म्हणतो : भिऊ नका. बाईंनी ते एकवचनात घेतलं. छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या एका माणसाला म्हणावं तसं. नको भिऊ. चार अक्षरं.

दुसऱ्या कडव्यावरून मात्र चांगलाच वाद झाला.

[दृश्य : हॉलमधली तालीम. सगळे एकदम बोलताहेत.]

ओली चूल घर
भिजली भाकर
तरी खांद्यावर
हात तुझा

तरुणांचं म्हणणं, सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये चूल कुठे आहे? बाई म्हणाल्या, "आजीला विचार." एका काकांचं म्हणणं वेगळं : टाळ नको, वारीसारखं वाटेल. त्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, वाद घातला नाही. त्यांनी 'उपासना संगीत' उघडून टिळकांचा एक अभंग म्हणायला घेतला. दुसऱ्या ओळीला त्या काकांचा पाय ताल धरत होता. हे चित्रण आमच्याकडे आहे, ते बघाच.

[दृश्य : सतरंजीवर ताल धरणारा पाय. फक्त पाय.]

चाल मुलाने बांधली. कोमल गंधार, कोमल निषाद, काफीच्या अंगाने जाणारी. पहिल्यांदा त्याने ती पांढरी पाच या उंच पट्टीत लावली, स्वतःच्या गळ्याला आणि गिटारला सोयीची. वरच्या पंचमाला साठीच्या बायका थांबल्या. मग त्याने एकेक पट्टी उतरत आणली आणि पांढरी तीनला सगळा हॉल गायला लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे संगीतकार म्हणून त्याने केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. आम्हालाही तसंच वाटतं. आराधना गीत स्टेजवरच्या गळ्यासाठी बांधलं की मंडळी श्रोते होऊन जाते.

[दृश्य : कोपरखैरणे. छोटा स्टुडिओ. भिंतींना गोधड्या.]

हा स्टुडिओ म्हणजे एक गाळा. भिंतींवर गोधड्या, दाराला फोम, मे महिना आणि पंखा बंद, कारण माइक पंख्याची घरघर पकडतो. पहिले दोन दिवस त्यांनी हल्लीच्या पद्धतीने रेकॉर्ड केलं. कानात क्लिक ट्रॅक, टकटक टकटक, आणि प्रत्येकाने आपला भाग वेगवेगळा गायचा. आवाज स्वच्छ आला. गाणं आलं नाही.

कारण भजनी ठेक्याला श्वास असतो. पहिलं कडवं संथ, मग लय हलकेच चढते, शेवटच्या आवर्तनांत टाळ पुढे ओढतो. क्लिकला हे चालत नाही; त्याचा पहिला ठोका तोच शेवटचा. तिसऱ्या दिवशी मुलाने हेडफोन काढून ठेवले आणि सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. मध्ये पेटी, बाजूला ढोलकी, भोवती बायका. आता अडचण टाळांची. टाळ वाजला की तो प्रत्येक माइकमध्ये घुसतो. शेवटी काकांना, हो, त्याच टाळ नको म्हणणाऱ्या काकांना, टाळ देऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये बसवलं. दार चार बोटं उघडं. आतला आवाज त्यांना तेवढ्या फटीतून येत होता, आणि तेवढ्यावर त्यांनी लय धरली.

[दृश्य : दाराच्या फटीतून काका. डोळे मिटलेले. पूर्ण टेक चालू द्यावा. निवेदन नाही.]

हा नववा टेक. हाच ठेवला. शेवटी शेवटी लय बरीच पुढे गेली आहे, एका मावशींचा आवाज फुटलाय. दोन्ही तसंच आहे.

[दृश्य : मोबाइलचे पडदे, एकामागून एक.]

नाताळच्या आधी गाणं यूट्यूबवर गेलं आणि व्हॉट्सअॅपवरून खेड्यापाड्यांत पसरलं. आता ते लग्नाआधीच्या हळदीला, दवाखान्यात, मातीला गेल्यावर, सगळीकडे म्हणतात. एका वाहिनीने ते स्वतःच्या नावावर चढवलं, ते खाली उतरवायला सहा महिने गेले. २०१२च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला आहे, आणि उपासनेत गायला कुणाची परवानगी लागत नाही. बाईंना दुसरी गोष्ट माहीत होती, पहिली आता कळली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. कीबोर्डवर आता त्याची बहीण बसते.

[दृश्य : कळवा. संध्याकाळ. बाहेर पाऊस. टेबलावर मोबाइल.]

जालन्याकडच्या एका वाडीवरून आलेला हा व्हिडिओ. वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात सातआठ बायका, वाद्य एकच, हातातली टाळी. गाणं तेच आहे. दुसऱ्या कडव्यावर बाई हात वर करून आम्हाला थांबवतात. शब्द बदलले आहेत. त्या गावात त्या वर्षी पूर आला नव्हता, गारपीट झाली होती.

गारांचा कहर
कोसळलं घर
तरी खांद्यावर
हात तुझा

बाई व्हिडिओ मागे नेतात. पुन्हा ऐकतात. अंगठा पेरांवरून फिरतो. गा, रां, चा, क, ह, र. सहा. को, स, ळ, लं, घ, र. सहा.

चष्मा पुसतात, वही पुढे ओढतात आणि ओल्या चुलीच्या खाली लिहायला लागतात.

[दृश्य : पेन. कागद. मोबाइलच्या स्पीकरवरून गाणं, जसंच्या तसं, संपेपर्यंत.]