द्राक्षबागेतली झोळी आणि ग्रामपंचायतीचा पैसा

(नाशिकमध्ये सरपंच आणि अंगणवाडी सेविकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत मी जे पाहिलं ते आधी सांगते. मी तेव्हा मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, होते. बागेत विरळणी, म्हणजे घडांतले जादा मणी काढणं, चालली होती. मांडवाच्या लोखंडी अँगलला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आत आठ-नऊ महिन्यांचं बाळ. झोळीला सुतळी, आणि सुतळीचं दुसरं टोक पाच वर्षांच्या बहिणीच्या हातात. माणसं सुरगाण्याकडच्या आदिवासी भागातून मजुरीला आलेली. दोन ओळी सोडून फवारणीचा ट्रॅक्टर चालला होता. मी पोरीला म्हटलं, "अंगणवाडीत येतेस का? गाणी असतात, खाऊ असतो." तिने झोळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग ह्याला कोण हलवील?"

अंगणवाडी तिथून दहा मिनिटांवर होती. भिंतींवर नवेकोरे हत्ती-ससे, ग्रामपंचायतीने पैसे देऊन काढून घेतलेले. मला रंगाचा राग नाही. पण त्याच पैशात हंगामापुरती एक बाई बाळं सांभाळायला ठेवता आली असती, आणि ती पोर त्या हत्ती-सशांसमोर येऊन बसली असती.

म्हणून माझं मागणं एकच आहे. गावाकडे बालकांसाठी जो थोडाफार पैसा आहे, त्यातला पहिला रुपया तीन वर्षांखालच्या बाळांच्या पाळणाघराला द्या. बाळाची सोय झाली की मोठ्या बहिणीची शाळा आपोआप सुरू होते. घाटाखाली, डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कधीच ओळखलं होतं. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी परत पाठवलं नाही.

पैसा कुठला? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच आहेत. माझ्या पाहण्यातल्या गावांत ते मार्चअखेरीला घाईघाईने खुर्च्यांवर, सतरंज्यांवर जातात. पेठ-सुरगाण्यातल्या ग्रामपंचायतींची घरपट्टी ती किती, तिचे 10 टक्के ते किती! पण त्यांना पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालचा, आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो, तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभाच ठरवते.

खरी अडचण निफाड-दिंडोरीत आहे. तिथे उत्पन्न आहे, पण बाळं बाहेरगावची. त्यांच्या आया मतदार यादीत नाहीत, ग्रामसभेत त्यांच्या बाजूने हात वर करणारं कुणी नाही. आपल्या गावचा पैसा परक्यांच्या पोरांवर का, असं मला तोंडावर विचारलेलं आहे. त्यावर मी एवढंच म्हणते, की ज्या घडांची विरळणी या बायांच्या बोटांनी झाली, त्याच घडांवर गावाची पतसंस्था उभी आहे. आणि नोंदीचं म्हणाल, तर स्थलांतरित मुलाचं नाव पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर, तुमच्या अंगणवाडीत घेता येतं. सेविकाताईंनी बागांत जाऊन ती नावं घ्यावीत. यादीत नाव नसलं की आहारही मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता तारखेचं. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते, आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा तिथूनच सुरू होते. 1975 साली एकात्मिक बालविकास योजनाही, जिच्यातून आपल्या अंगणवाड्या आल्या, 2 ऑक्टोबरलाच सुरू झाली. आणि ऑक्टोबर छाटणीला मजूर याच सुमारास गावात उतरतात. आराखडा आणि बाळं एकाच आठवड्यात गावात असतात, तेव्हा त्यांची गाठ घालून द्या.

खर्च फार नाही. समाजमंदिराची एक खोली, पाण्याची टाकी, चार झोळ्या, दोन बायांचं मानधन. त्यातली एक मजुरांच्याच टोळीतली हवी, कारण तान्हं बाळ ओळखीच्या बोलीला लवकर शांत होतं. वेळ मात्र बागेची ठेवा. बाई सातला कामाला लागते, पाळणाघर दहाला उघडून तिला उपयोग नाही.

ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, अर्ध्या पानाचा. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात. सरपंचांनी जाताना एकेक घ्यावी, आणि गावाचं नाव व बाळांची संख्या स्वतःच्या हाताने भरावी.