पिकअपला मोठे टायर: किती मोठे, कशाच्या जोरावर

(टायरची बाजू जवळून. कॅमेरा उठावाच्या आकड्यांवरून हळू सरकतो.)

२६५/७० आर १७. पिकअपवर नेहमी दिसणारं हे एक माप. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्क्यांचा, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. १८५.५ मिलिमीटरची भिंत वर, तेवढीच खाली आणि मध्ये ४३२ मिलिमीटरचा रिम. टायरची एकूण उंची भरते साधारण ८०३ मिलिमीटर.

आता त्याच रिमवर २८५/७० आर १७ चढवू. मोठ्या टायरकडे जाताना अनेक जण आधी हीच पायरी चढतात. उंची होते ८३१. वाढ झाली २८ मिलिमीटर, पण गाडी पेललेली असते चाकाच्या केंद्रावर, त्यामुळे जमिनीपासून ती वर येते त्याच्या निम्मी. १४ मिलिमीटर.

एवढ्यासाठीच का हा सगळा खटाटोप? हो, एवढ्यासाठीच. आणि तो करण्याजोगा आहे. पिकअपचा मागचा ॲक्सल बहुतेक वेळा एकसंध असतो. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा फुगवटा, आणि दगड पहिला लागतो तिथेच. लिफ्ट किट, म्हणजे सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग, बसवलं की चासी वर जाते, केबिन वर जाते, ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो. तो फुगवटा वर उचलणारी वस्तू एकच, ती म्हणजे उंच टायर. शिवाय उंच चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. म्हणून मोठा टायर जरूर घ्या. फक्त किती मोठा, हे सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीकडे बघून ठरवू नका.

(पुढचं चाक. स्टेअरिंग पूर्ण वळलेलं. विजेरीचा उजेड आतल्या प्लास्टिकवर.)

उभ्या गाडीत प्रत्येक टायर बसतो. चहूबाजूंनी जागा दिसते, फोटोही छान येतो. खरी परीक्षा होते ती चाक पूर्ण वळलेलं असताना आणि त्याच वेळी सस्पेन्शन दबलेलं असताना. वळणावर खड्डा आला की दोन्ही एकदम घडतं. टायरचा खांदा, म्हणजे नक्षी आणि भिंत जिथे मिळतात ती कड, तेव्हा मागच्या बाजूला केबिनच्या माउंटकडे (केबिन चासीवर जिथे टेकते त्या आधाराकडे) सरकतो, पुढे बंपरच्या टोकाकडे, आणि आतल्या अंगाला चासीकडे किंवा चाकाला चासीशी जोडणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मकडे.

ही परीक्षा घरच्या घरी घेता येते. पुढचं एक चाक मजबूत रॅम्पवर चढवा. त्याच्या कर्णात येणारं मागचं चाकही दुसऱ्या रॅम्पवर घ्या. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, हँडब्रेक ओढा. आता रॅम्पवरचं पुढचं चाक आपल्या कमानीत वर दबलेलं असेल. आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, मडफ्लॅपवर आणि पत्र्याच्या शिवणीवर खडू घासून ठेवा. मग कुणाला तरी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही बाहेर उभे राहून विजेरीने बघा. हात आत घालू नका, गाडीखाली तर मुळीच जाऊ नका. नंतर टायरच्या खांद्यावर पांढरा पट्टा उमटलेला दिसला, तर तो नेमका कुठल्या भागाचा आहे, ते कळेल. रॅम्पवर सस्पेन्शन पूर्ण दबत नाही. म्हणून पट्टा उमटला नाही तरी बोटभर जागा मोकळी राहतेय ना, ते पाहायचंच.

पट्टा मडफ्लॅपचा असेल तर काळजी नाही. मडफ्लॅप थोडा कापता येतो. अस्तराचं प्लास्टिक गरम हवेने मऊ करून मागे दाबता येतं. पत्र्याची शिवण ठोकून सपाट केली, तर तिच्यावर गंजरोधक रंग मारायला विसरू नका. पण घासणारी जागा केबिनचं माउंट असेल, म्हणजे चासीवरच्या लोखंडाला कापून वेल्डिंग करावं लागणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे, टायर लहान घ्या. ज्या लोखंडावर केबिन उभी आहे, ते टायरसाठी कापू नये. त्या कामाची मजुरी वाचवून चांगल्या प्रतीचा टायर घेतलेला बरा.

इथे एक पर्याय आहे, आणि त्याकडे फार कमी लोक वळतात. उंच पण अरुंद टायर. २५५/८० आर १७ या मापाची उंची भरते सुमारे ८४०. म्हणजे २८५ पेक्षा हा टायर उंच आहे आणि ३० मिलिमीटर अरुंदही. घासण्याच्या तक्रारी बहुतांशी रुंदीमुळे येतात. रुंदी वाढली की टायर आत कंट्रोल आर्मला लागतो आणि बाहेर मडगार्डला. हवी असते उंची, आणि माणूस पैसे मोजतो रुंदीचे. मऊ वाळूत रुंद टायर उपयोगी पडतो, हे खरं. बाकी रस्त्यांवर मला अरुंद उंच टायर जास्त शहाणपणाचा वाटतो. अर्थात ही मापं सगळीकडे सहज मिळत नाहीत, आणि आपल्या रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हे टायर-उत्पादकाच्या तक्त्यात पाहावंच लागतं.

(रिमची आतली बाजू. हबवर बसणारी सपाट जागा.)

रिमचं थोडक्यात सांगतो. मूळ रिम चांगले असतील तर तेच ठेवा, खर्चातली सर्वांत मोठी बचत तिथे आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर बसणाऱ्या जागेचं अंतर, मिलिमीटरमध्ये. तो ३० वरून शून्यावर आणला, तर चाक ३० मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला गाडी रुंद दिसते. पण बाहेर आलेलं चाक वळताना मोठा फेर घेतं आणि मूळ जागेवर न घासणारा टायरही घासू लागतो. बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

लिफ्टबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पुढच्या सस्पेन्शनवर स्पेसर बसवला की कमानीत जागा वाढलेली दिसते. ती उभ्या गाडीतली जागा. मोठा दणका बसल्यावर चाक किती वर जाईल, हे ठरतं बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनला शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर. ते तसेच राहिले, तर चाक पूर्वीइतकंच वर येऊ शकतं आणि घासायचं तिथे घासतंच. पुढचा भाग वर आला की हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. तो खाली जुळवून घ्यायचा. व्हील अलाइनमेंट करायचं. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा पूर्ण वळणावर ताणल्या जात नाहीत ना, हे पाहायचं. नुसती एक पायरी मोठा टायर घ्यायचा असेल, तर पुष्कळ गाड्यांना लिफ्टची गरजच पडत नाही.

(हौद्यात भरलेला माल. मागचे पाटे दबलेले.)

पिकअप माल वाहते. त्यामुळे टायर निवडताना नक्षीच्याही आधी बघायचा तो भार-निर्देशांक. मापाच्या पुढे तो छापलेला असतो. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५० किलो. १२१/११८ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. नव्या टायरचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि वेगाचं अक्षरही गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा खालचं नको. उलट बाजूने हेही पक्कं ध्यानात ठेवा की मजबूत टायर घातला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. पाटे, ॲक्सल, ब्रेक तेच असतात. पुस्तिकेतली मर्यादा तीच राहते.

आणि हवा. दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब हा मूळ टायरसाठी असतो. मापाआधी एलटी लिहिलेला जाड भिंतीचा टायर तितकाच भार पेलायला जास्त हवा मागतो. कार-पद्धतीच्या टायरचा दाब त्यात भरला आणि हौदा लादला, तर भिंत सारखी वाकते, तापते, आणि टायर फुटतो तो भर वेगात. किती भाराला किती हवा, याचे तक्ते टायर-उत्पादक देतात. ते मागून घ्या. लोड रेंज ई च्या टायरवर ८० पीएसआयपर्यंतची मर्यादा छापलेली असते. तो आकडा कमाल दाबाचा आहे, रोज भरायचा नव्हे. रिकाम्या गाडीत तेवढी हवा ठेवली की टायर मध्यभागी झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

ब्रेकवर होणारा परिणाम कळायला वेळ लागतो, कारण तो हळूहळू जाणवतो. पायाचा जोर तोच, डिस्क तीच, पण चाकाची त्रिज्या वाढली. त्यामुळे रस्त्यावर मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. २८५ च्या बाबतीत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यात मोठा जाड टायर प्रत्येक चाकामागे ५ ते ८ किलो सहज वाढवतो, आणि हे वजन कडेला असल्याने फिरतं चाक थांबवणं आणखी जड जातं. पुढच्या गाडीशी अंतर वाढवा. झिजलेले पॅड असतील तर टायरच्या आधी ते बदला.

गिअरचंही तसंच. ३.७३ चं अंतिम गुणोत्तर (ॲक्सलमधल्या गिअरचं) २८५ च्या टायरवर ३.६० असल्यासारखं वागतं. चढावर ओढ थोडी कमी पडते, पण गाडी चालवता येते. त्याच्या पुढे ३१५/७० आर १७ वर गेलात तर उंची ८७३ होते, फरक पावणेनऊ टक्क्यांचा. तिथे गिअर बदलण्याचा खर्च दारात उभा राहतो, म्हणून मी एका पायरीवर थांबायला सांगतोय.

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. मूळ मीटर अचूक धरला, तर काटा १०० दाखवत असताना २८५ वर खरा वेग १०३.५ असतो, ३१५ वर जवळपास १०९. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांविषयीचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवू नये. फोनवरच्या जीपीएसशी ताडून पाहा आणि गाडीच्या संगणकात टायरचं माप बदलता येत असेल तर बदलून घ्या. ॲव्हरेज काढतानाही हेच गणित धरा. मीटरवर १००० किलोमीटर झाले म्हणजे गाडी १०३५ चाललेली आहे. काही जणांना वाटणारी ॲव्हरेजची घसरण यातच लपलेली असते.

(टायरच्या बाजूवरचा अंडाकृती चौकटीतला चार अंकी आकडा.)

पैसे कमी असतील तर वापरलेले टायर घ्यायला हरकत नाही, पण हा आकडा वाचल्याशिवाय नको. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी खोल असली तरी रबर वयाने कडक होतं. अनेक गाडी-उत्पादक ६ वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, काही टायर-उत्पादक १० वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात. भिंतीला भेगा असतील किंवा आतून ठिगळ लावलेलं असेल, तर स्वस्तातही घेऊ नका.

खरेदी पाच टायरची धरा. फोर बाय फोरमध्ये वेगळ्या उंचीची स्टेपनी लावून टणक रस्त्यावर चालवली, तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि डिफरन्शियल एकमेकांशी झगडतात आणि दुरुस्ती टायरपेक्षा महाग पडते. मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावते का, हे टायर घेण्याआधीच मोजा. नोंदणीचे नियम आणि विम्याच्या अटीही तेव्हाच विचारून घ्या.

बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत. ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तोच पाना, तोच आकडा. त्यानंतर हौद्यात नेहमीचा माल भरा, खडू पुन्हा घासा आणि ओळखीच्या खराब रस्त्यावर सावकाश एक फेरी मारून या.