सातबारा कुणाच्या नावावर?

मंडळी, एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. विषय तसा रुक्षच: एका सर्व्हरवर शे-सव्वाशे माणसं काम करतात, तेव्हा कुणाला किती डिस्क द्यायची. पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे जे सांगेन ते बहुतेक ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

पहिली ठेच एका रविवारची. तेव्हा आमच्याकडे कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या डिस्क-वापराला मर्यादा, नव्हता, ‘सगळी आपलीच मुलं’ असा कारभार. एका मुलाने शनिवारी सिम्युलेशन चालू केलं आणि तो गावी गेला. प्रोग्राममध्ये तपासणीसाठी टाकलेली, प्रत्येक पायरीची नोंद लिहिणारी प्रिंटची ओळ तशीच राहिली होती. त्या नोंदींची फाइल, म्हणजे लॉग, रात्रभर फुगत गेला आणि होमचं, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचं, विभाजन काठोकाठ भरलं. सकाळी एका मॅडमनी घरून प्रश्नपत्रिका उघडली, एक प्रश्न बदलला, सेव्ह केली. फाइल शून्य बाइटची! काही एडिटर आधी जुनी फाइल रिकामी करतात, मग नवा मजकूर लिहितात. रिकामी करायला जागा लागत नाही, लिहायला लागते. मॅडमचा फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीच्या जुड्या निवडत होतो. त्या दिवशी मेथी काही घरी पोचली नाही.

आता बघा, ज्याने लॉग फुगवला तो गावी मजेत, आणि प्रश्नपत्रिका गेली मॅडमची. कोटा लावायचा तो यासाठी. हावरटाला शिक्षा करणं हा त्याचा हेतू नाही. ज्याची चूक, त्याचंच काम अडावं, एवढंच.

ही कल्पना जुनी आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी बर्कली युनिक्ससाठी कोटा लिहिला, आणि त्या युनिक्सच्या १९८३च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत तो आला. त्यात दोन मर्यादा होत्या आणि त्या आजही तशाच आहेत. हार्ड लिमिट म्हणजे भिंत. सॉफ्ट लिमिट ओलांडता येते, पण मुदतीपुरतीच. मुदत संपली की सॉफ्टचीच भिंत होते. मुदतीत खाली आलात तर हिशेब पुन्हा कोरा. एल्झ यांच्या मूळ रचनेत मुदत लॉगिनमध्ये मोजायचे, तीन लॉगिनपर्यंत चालवून घ्यायचं. पुढे मुदत दिवसांत मोजू लागले. लिनक्समध्ये काही न बदलता ठेवलं तर सात दिवस मिळतात.

सात दिवस पुण्यात पुरत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका मुलीने मोठा डेटा उतरवला, सॉफ्ट ओलांडली आणि कोकणात गेली. विसर्जन उरकून परत आली तर एक ओळ लिहिता येईना. चूक तिची नव्हती, मी कॅलेंडर बघितलं नव्हतं. कोटा बदलायच्या ‘एडक्वोटा’ कमांडला टी लावून मुदत १४ दिवस केली, ती आजपर्यंत तशीच आहे. सॉफ्ट आणि हार्डमध्ये अंतरही भरपूर ठेवा. २० आणि २१ जीबी असं लावणारे मला भेटलेत. मग मुदत द्यायचीच कशाला?

भिंतीला डोकं आपटलं की माणसाला ते कळतंच असं नाही. एक मुलगा तीनदा पासवर्ड बदलून घेऊन गेला. पासवर्ड बरोबर होता. ग्राफिकल लॉगिनला होममध्ये एक छोटी फाइल लिहावी लागते. ती लिहिता आली नाही की स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचा चौकोन समोर. आता अशी तक्रार आली की मी पासवर्डकडे बघतच नाही, आधी कोटा बघतो.

दुसरा फसवा प्रकार आयनोडचा, म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायच्या रकान्यांचा. एकाने व्हिडिओच्या फ्रेम कापून लाखो चिमुकली चित्रं केली. जागा फारशी गेली नाही, पण प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, सहसा दर १६ केबीमागे एकच आयनोड आखून ठेवते. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड म्हणते जागा आहे, सिस्टिम म्हणते जागा नाही. ‘डीएफ’ला आय लावून बघा, उलगडा होतो. म्हणून कोटा लावताना फाइलींच्या संख्येचे रकाने शून्य सोडू नका. शून्य म्हणजे मर्यादा नाही.

आता सर्वांत जास्त भांडणं ज्यावरून होतात ते. फाइल कुठे पडलीय याच्याशी कोट्याला देणंघेणं नाही. वहिवाट कुणाची का असेना, सातबाऱ्यावर नाव ज्याचं, बोजा त्याच्यावर. गटाच्या सामायिक फोल्डरमध्ये तुम्ही टाकलेली फाइल तुमच्याच खात्यात मोजली जाते. म्हणूनच साध्या वापरकर्त्याला फाइलची मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सवर येत असे. तिथे कोटा असता तर लोकांनी आपला पसारा शेजाऱ्याच्या उताऱ्यावर चढवला असता.

गटाच्या कामाला त्यामुळे वेगळा इलाज लागतो, तो म्हणजे प्रोजेक्ट कोटा. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर तो बराच आधीपासून आहे, पुढे ईएक्सटी४मध्येही आला. तो फोल्डरवर मोजतो, मालक कुणीही असो. आमच्याकडे होमवर माणसागणिक आणि संशोधन गटांच्या फोल्डरवर प्रोजेक्ट, असं दोन्ही आहे.

किती द्यायचं? १२० जणांना २० जीबी म्हटलं तर २४०० होतात, आणि डिस्क २००० जीबीची असली तरी मी देतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका असंच करतात: खुर्च्यांपेक्षा पावत्या जास्त, कारण सगळे एका वेळी येत नाहीत. फक्त परीक्षेच्या महिन्यात येतात! तेव्हा एकूण वापरावर रोज नजर हवी. आणि ईएक्सटी४ रूटसाठी, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या खात्यासाठी, पाच टक्के राखून ठेवते, ते ‘वाया जातंय’ म्हणून शून्यावर आणू नका. त्या रविवारी मी आत शिरून सफाई करू शकलो ते त्याच्याच जोरावर.

दर सोमवारी ‘रेपक्वोटा’, म्हणजे सगळ्यांच्या कोट्याचा अहवाल, काढतो. नावापुढे दोन चिन्हं असतात, पहिलं जागेचं, दुसरं फाइलींचं. उणे असेल तर ठीक, अधिक असेल तर सॉफ्ट ओलांडली. अधिकवाल्यांना ईमेल जातेच, पण ती कोण वाचतं? मी फोन करतो. ‘सर, ते माझं नाही, मागच्या बॅचचं आहे,’ असं हमखास ऐकू येतं. मग मी फाइलींच्या मालकाचं नाव वाचून दाखवतो, आणि पलीकडे थोडा वेळ शांतता असते.