सात टक्के कशावर?

(लातूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

यंदा दसऱ्याला नाहीतर धनत्रयोदशीला गाडी काढायची असं इथल्या बऱ्याच जणांच्या मनात असेल, म्हणून आधी माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. मोंढ्यावर सोयाबीनची पट्टी झाली आणि गडी तिथूनच शोरूमला गेला. संध्याकाळी फोन. "मामा, बँकवाले साडेनऊ म्हणत होते, शोरूमवाल्यानं सात टक्क्यानं करून दिलं. तुमच्या बँका लुटतात बघा." मी उभी नोकरी बँकेत काढलेली, बोलणी खायची सवय आहे. म्हटलं, कागद घेऊन ये.

कागदावर लिहिलं होतं : कर्ज ६ लाख, मुदत ६० महिने, हप्ता १३,५००. त्याच कागदाच्या पाठीवर मी त्याला गुणाकार करायला लावला. पाच वर्षांत भरायचे ८ लाख १० हजार, म्हणजे व्याज २ लाख १० हजार. सहा लाखांचे सात टक्के बेचाळीस हजार, गुणिले पाच. हिशेब बरोबर. पण बँकेचा साडेनऊचा हप्ता बसतो साधारण १२,६००. दर जास्त आणि हप्ता नऊशेनं कमी, हे कसं?

आपल्या आज्या-पणज्यांना सवाई-दिढी तोंडपाठ होती. पेरणीला पोतं न्यायचं, सुगीला सव्वा पोतं घालायचं. जाच होता, पण उघड होता. आणि पोतं हंगामभर तुमच्याच घरात असायचं. शोरूमवाल्याचे सात टक्के म्हणजे फ्लॅट रेट. त्यात तुम्ही दर महिन्याला ओंजळ-ओंजळ परत घालताय, तरी व्याज अख्ख्या पोत्यावरच. शेवटच्या वर्षी भाच्याकडं मुद्दल उरणार फार तर दीड लाखाच्या आसपास, आकारणी मात्र सहा लाखांवर. बँकेसारखं घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच मांडलं, तर त्याचे सात टक्के साडेबाराच्या घरात जातात. पाच वर्षांत चोपन्न हजारांचा फरक. डाळिंबाला ठिबक झालं असतं, असं आमची बहीण म्हणाली.

आता शोरूमवाल्याला शिव्या देऊन मोकळं होऊ नका. त्याचा स्वतःचा पैसा यात बहुधा नसतोच. कर्ज कुठल्यातरी बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं, हा मधला. त्याला कमिशन मिळतं. कधीकधी तर तुमच्याच बँकेचं कर्ज तिथल्या टेबलावरून तुम्हाला मिळतं. गाडी खपवायची म्हणून कंपनी स्वतः व्याजाचा काही भार उचलते, तेव्हा शोरूमचं कर्ज खरोखर स्वस्त पडतं. फक्त तेव्हा रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट आहे ती तुम्हाला मिळते का, ते विचारा. आणि खरं सांगायचं तर आम्ही बँकवाल्यांनीच माणसं तिकडं ढकलली. शेतकऱ्याकडं ना पगारपत्रक, ना रिटर्न. आम्ही "उद्या या" म्हणायचो, शोरूममधला पोरगा तासाभरात फाईल करायचा. वर चहा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं एक चांगलं केलंय. बँक असो की फायनान्स कंपनी, गाडीसारखं किरकोळ (रिटेल) कर्ज देताना मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावाच लागतो, तेही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. मराठीत मागा, लाजू नका. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो. प्रोसेसिंग फी, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा, सगळं धरून येणारा तो आकडा. भाच्याच्या कागदावर सात होते. विवरणपत्रात बारा-तेरा दिसले असते. दोन्हीकडचा हा एकच आकडा शेजारी-शेजारी ठेवा. आणि हे पत्र निदान तीन कामाचे दिवस ग्राह्य धरावं लागतं. "आजच सही करा, उद्या स्कीम संपते" म्हणणाऱ्यासमोर हे तीन दिवस काढून ठेवा.

आपल्याकडं पैसा महिन्याला येत नाही, सुगीला येतो. म्हणून मुदतीआधी फेडायचं म्हटलं तर काय कापणार, हे सहीआधीच विचारा. व्यक्तीनं घरगुती वापरासाठी बदलत्या दरानं घेतलेल्या कर्जावर असा दंड बँकेला लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर बहुतेक ठिकाणी लागतो, आणि गाडीची कर्जं बरीचशी स्थिर दराचीच असतात.

शेवटी आरसीवरचा बोजा. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला आपण तलाठ्याकडं खेटे घालतो, गाडीचा मात्र विसरतो. हप्ते संपले की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत नोंद काढून घ्यावी लागते. मी, बँकेचा माणूस, हेच विसरलो. गाडी विकायला काढली तेव्हा कर्ज देणारी शाखा दुसऱ्या शाखेत गेलेली, जुनी फाईल कुणाला सापडेना. कागद हातात पडला तोवर गिऱ्हाईक दुसरी गाडी घेऊन गावभर फिरत होतं.